दोन डबे, एक स्प्लेंडर

मॅगझिनचा मराठी विभाग म्हटला की अर्ध्या कविता पावसावर आणि अर्ध्या ‘तिच्या’वर असतात. मेकॅनिकलवाल्यांनी बिचाऱ्यांनी काय लिहायचं? म्हणून मी ठरवलं, आपण नट-बोल्टवरच लिहूया. विषय आहे छोट्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पक्के डबे बसवण्याचा. आपल्या बोलीत साइड डिकी. आणि तेही स्वस्तात, कारण स्टुडंट आणि शेतकरी यांचं बजेट जवळजवळ सारखंच असतं!

आमच्याकडे वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे नाळे, वाघोली, निर्मळ वगैरे भागात, बाइक म्हणजे घरचा छोटा टेम्पोच. भाजी, केळी, दुधाचे कॅन, गॅसचा सिलिंडर, सगळं तिच्यावरून जातं. आमच्या काकांची सोनचाफ्याची वाडी आहे. फुलं पहाटे काढायची, पुड्या बांधायच्या आणि स्टेशन गाठून लोकलने दादरच्या फूल मार्केटला पोचवायची, हा रोजचा क्रम. घर ते स्टेशन हा तुकडा काकांच्या स्प्लेंडरवर होतो. सोनचाफा फार नाजूक. जरा दाबला, जरा गरम झाला की पाकळी तपकिरी पडते आणि मग गिऱ्हाईक भाव पाडतं. काका इतके दिवस कापडी पिशव्या दोन्ही बाजूंना लोंबकळत न्यायचे. पिशवी शॉकअपवर घासते, गुडघ्याने दबते, पावसात भिजते. मागे क्रेट बांधला तर काकीला बसायला जागा नाही. म्हणून काकांनी मला विचारलं, “अगं, तू इंजिनियर होतेयस ना, मग पोलिसांच्या गाडीला असते तशी डिकी आपल्याला बसवता येईल का?”

येते. पण त्यात डबा हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम डबा ज्याच्यावर बसतो त्या स्टँडचं असतं, आणि नेमकं तिथेच सगळे जण घाई करतात.

बाजारात काय मिळतं ते आधी सांगते. हेल्मेटवाल्या स्टड्स कंपनीचे प्लॅस्टिकचे साइड बॉक्स आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. कागदपत्रं, रेनकोट, डबा यासाठी ते मस्त. दुसऱ्या टोकाला टूरिंगवाल्यांच्या पेट्या. या धंद्यातली मोठी कंपनी म्हणजे इटलीची गिव्ही. ती १९७८ मध्ये जुझेप्पे विझेन्झी नावाच्या रेसरने सुरू केली, जो १९६९ च्या ३५० सीसी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तिसरा आला होता. (रेसिंग सोडून डबे बनवायला लागला, आणि त्यातच नाव कमावलं!) पण तशा पेट्या आणि त्यांचे स्टँड घ्यायचे तर काकांना जुनी स्प्लेंडरच विकायला काढावी लागेल. शिवाय त्या मोठ्या गाड्यांसाठी बनवलेल्या. आपली स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, इंजिन ९७.२ सीसीचं, वजन साधारण ११२ किलो. तिच्यावर काय लादायचं याचा हिशोब वेगळाच.

मग मी कोणाकडे पाहिलं? दूधवाल्यांकडे. वसईत सकाळी सातच्या आत उठत असाल तर तुम्हीही पाहिले असतील. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे कॅन, खाली लोखंडी स्टँड. वीस लिटरचा कॅन भरला की नुसतं दूधच साडेवीस किलोच्या वर जातं, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं. असे दोन कॅन घेऊन ते वर्षानुवर्षं खड्ड्यांतून जातात. एका दूधवाल्या काकांना थांबवून मी त्यांचा स्टँड नीट न्याहाळला. त्यात एक गोष्ट लक्षात आली. डावा आणि उजवा स्टँड सुटे नव्हते. नंबरप्लेटच्या मागून एक आडवा पाइप दोघांना जोडत होता. डाव्या डब्याचं वजन स्टँडला बाहेर आणि खाली ओढतं, उजव्याचंही तसंच. आडव्या पाइपने दोघांना बांधलं की ही ओढाताण एकमेकांत जिरते आणि चेसिसच्या बोल्टवर फक्त सरळ खाली जाणारं वजन उरतं. त्या स्टँडला कोणी ड्रॉइंग काढलं नव्हतं की कोणी ॲनालिसिस केलं नव्हतं, पण आमच्या अप्लाइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमध्ये बसेल असं ते डिझाइन होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. स्टँड कुठे बांधायचा?

बाइकच्या मागच्या भागात दोन वेगळ्या दुनिया आहेत. एक चेसिस, ज्याला सीट, मागचं हँडल आणि शॉकअपचं वरचं टोक जोडलेलं असतं. दुसरी स्विंगआर्म, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणारा भाग. त्याला चाकाचा ॲक्सल आणि शॉकअपचं खालचं टोक. या दोन दुनियांच्या मधलं अंतर प्रत्येक खड्ड्यात बदलतं. स्टँडचं एक टोक चेसिसला आणि दुसरं स्विंगआर्मला बांधलं तर प्रत्येक खड्ड्यात स्टँड वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते ना, तसंच. याला फटीग म्हणतात. आमच्या गल्लीतल्या एका दादाच्या गाडीला असाच स्टँड होता. वरून मजबूत दिसायचा. चार-पाच महिन्यांत खालचं वेल्डिंग चिरलं आणि एक दिवस डबा रस्त्यावर घासत आला. मागे बसलेलं कोणी नव्हतं हे नशीब.

गंमत म्हणजे काही छोट्या गाड्यांमध्ये मागच्या माणसाचा फूटरेस्टसुद्धा स्विंगआर्मवरच असतो. होंडाच्या जुन्या छोट्या गाड्यांची ही पद्धत. त्यामुळे ‘फूटरेस्टचा बोल्ट जाड आहे, तिथे बांधून टाकू’ असं कोणी मेकॅनिक म्हणाला तर आधी ही टेस्ट करा. गाडी मेन स्टँडवरून खाली चाकांवर घ्या. सीटची खालची कड ते फूटरेस्ट हे अंतर टेपने मोजा. मग दोन मित्रांना मागे बसवा आणि पुन्हा मोजा. अंतर कमी झालं तर फूटरेस्ट स्विंगआर्मचा आहे, त्याला हात लावू नका. तेवढंच राहिलं तर चेसिसचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठलंही मॅन्युअल लागत नाही. सायलेन्सरच्या बोल्टांनाही मी हात लावला नाही. तो भाग तापतो, थरथरतो, आणि इंजिनचं काम निघालं की पहिल्यांदा खोलला जातो.

आमच्या स्टँडला प्रत्येक बाजूला चेसिसचे दोन पॉइंट मिळाले. एक शॉकअपचा वरचा बोल्ट आणि दुसरा मागच्या हँडलचा बोल्ट. तिसरा आधार तो दूधवाल्यांचा आडवा पाइप. स्टूल तीन पायांवर डुगडुगत नाही, तसाच स्टँड तीन पॉइंटवर स्थिर राहतो, फक्त ते तिन्ही एका रेषेत नकोत. शॉकअपच्या बोल्टाबद्दल एक काळजी घ्या. तिथे स्टँडची जाड प्लेट घातली की नटाला तेवढे आटे कमी मिळतात. नट पूर्ण कसल्यावर बोल्टाचे निदान एक-दोन आटे बाहेर दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर प्लेट पातळ घ्या. चेसिसला वेल्डिंग आणि ड्रिल मात्र अजिबात नाही. त्याने चेसिस कमजोर होतेच, आणि कायद्याचीही भानगड आहे. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलं आहे. आपला स्टँड पान्याने चढतो आणि पान्याने उतरतो.

मटेरियल. वालीव-सातिवलीकडे फॅब्रिकेशनची दुकानं भरपूर आहेत. तिथला दादा म्हणाला, पट्टीचा करूया, स्वस्त पडेल. २५ बाय ५ मिलीमीटरची लोखंडी पट्टी मीटरला साधारण ९८० ग्रॅम भरते. २० बाय २० चा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप भरतो मीटरला साधारण ९२५ ग्रॅम. म्हणजे वजन जवळजवळ सारखं. पण वाकण्याला विरोध किती? सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये मोमेंट ऑफ इनर्शिया नावाचं जे प्रकरण आपण परीक्षेपुरतं पाठ करतो, ते इथे कामाला येतं. पट्टी उभी धरली तर ६५०० च्या आसपास (मिमीचा चौथा घात), आडवी धरली तर फक्त २६०. पंचवीस पटींचा फरक! पाइप मात्र दोन्ही दिशांना जवळजवळ ६७००. डब्याचं वजन खाली ओढतं, पण वळणावर आणि खड्ड्यात ते बाजूलाही ढकलतं, म्हणजे पट्टी कशीही लावली तरी एका दिशेला ती लुळीच. दादाला मी हे आकडे वहीत मांडून दाखवले. त्याने आकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, एक पट्टी गुडघ्यावर वाकवून बघितली आणि म्हणाला, “बरोबर आहे, पाइपच घेऊ.”

एकूण तीन मीटर पाइप लागला. टोकं वेल्डिंगने बंद करून घेतली, कारण आमच्याकडे समुद्राची खारी हवा आहे, पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही. सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक ठेवलं, तरीही पाणी शिरलंच तर निघून जावं म्हणून. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा रंग. नट सगळे नायलॉक, कारण सिंगल सिलिंडर इंजिनची थरथर साधा नट सैल करून सोडते.

आता डबे. आम्ही प्लॅस्टिकचे चौकोनी कॅन घेतले, भंगारवाल्याकडून, पण खाण्याच्या तेलाचे. केमिकलचे कॅन कितीही धुतले तरी घेऊ नका. आडवा ठेवल्यावर एक कॅन ३८ सेंमी लांब, २८ उंच आणि २० रुंद. हे प्लॅस्टिक म्हणजे एचडीपीई. याला कुठलाच गोंद नीट धरत नाही आणि रंगही टिकत नाही, त्यामुळे सगळं नट-बोल्टनेच. यातही एक युक्ती आहे. कॅन नुसता बोल्टांवर लटकवला तर हळूहळू भोकं लांबट होतात, कारण हे प्लॅस्टिक सततच्या ओढीने सरकतं. म्हणून स्टँडला खाली एल आकाराचा अँगल दिला. कॅन त्यावर बसतो आणि चार बोल्ट त्याला फक्त धरून ठेवतात. बोल्टांच्या आतल्या बाजूने मोठे वायसर आणि ॲल्युमिनियमची पट्टी, म्हणजे दाब पसरतो.

झाकण पत्र्याचं, कडेने दीड सेंमी खाली दुमडलेलं. आपल्या लाडवांच्या डब्याचं असतं तसं. पाणी कडेवरून ओघळतं, आत येत नाही. फुलांना हवा लागते म्हणून त्या दुमडीच्या आडोशाला मागच्या बाजूने भोकं पाडली आणि तळाला चार भोकं पाण्याच्या निचऱ्यासाठी. उजवीकडे सायलेन्सर आहे. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. चाफा तर त्याच्याही आधी ‘राम’ म्हणतो. म्हणून सायलेन्सर आणि डब्यात ८ सेंमी अंतर ठेवलं आणि मध्ये एक पत्रा, जो डब्याला चिकटलेला नाही. पत्रा आणि डब्याच्या मधून हवा गेली पाहिजे, नाहीतर तो पत्राच तवा होतो.

रुंदीचा नियम सोपा ठेवला. डबे हँडलपेक्षा रुंद नकोत. नालासोपाऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये आपण हँडल कुठून जाईल एवढंच बघतो, मागे काय आहे ते विसरतो. स्प्लेंडरची रुंदी ७२ सेंमी. मधला भाग स्टँडसकट ३० आणि दोन डबे मिळून ४०, झाले ७०. मागचे इंडिकेटर आणि नंबरप्लेट पूर्ण दिसतात हे रात्री दहा पावलं मागे जाऊन तपासलं.

मागे कॅरिअरवर क्रेट बांधण्यापेक्षा बाजूचे डबे का बरे, तेही आकड्यांत बघा. चाकांमधलं अंतर साधारण १२३ सेंमी. २० किलोचा क्रेट मागच्या ॲक्सलच्या ३५ सेंमी मागे असेल तर पुढच्या चाकावरचं वजन ५.७ किलोने कमी होतं. २० गुणिले ३५ भागिले १२३, बस. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मी याला मोमेंटच म्हणणार, मराठीच्या मॅडमनी माफ करावं.) म्हणूनच जड क्रेटवाल्यांचं हँडल हलकं-हलकं वाटतं. आमच्या डब्यांचा मध्य ॲक्सलच्या ८ सेंमीच मागे आहे. तेच २० किलो असले तरी पुढून फक्त १.३ किलो कमी होतात. शिवाय वजन खाली असतं. एकाच डब्यात सामान असलं तर? ८ किलो केळी एकाच बाजूला, मध्यापासून २५ सेंमीवर, तर ६५ किलोचा माणूस धरून गाडी सुमारे एक अंश कलून चालवावी लागते. चालताना कळत नाही, सिग्नलला पाय टेकवताना कळतं.

हे ८ सेंमी काकीने ठरवले. मी आधी कागदावर डबे ॲक्सलच्या बरोबर वर आणले होते, कारण गणिताला ते आवडतं. पण वेल्डिंगच्या आधी पुठ्ठ्याचे डबे बांधून काकीला मागे बसवून बघितलं. ती साडी नेसून एका बाजूला बसते. पुठ्ठा तिच्या पोटऱ्यांना लागला. म्हणून डबे मागे सरकवले, पायापासून तीन बोटं अंतर पडेपर्यंत. आणि इथेच ती गोष्ट येते जिच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. साइड डिकी बसवताना बहुतेक जण काय करतात? ‘मध्ये येतं’ म्हणून साडी गार्ड काढून टाकतात.

साडी गार्ड ही शोभेची वस्तू नाही हो. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मोटरसायकलला मागच्या माणसासाठी पकडायला हँडल, फूटरेस्ट, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं काहीतरी असलंच पाहिजे. साडीचा पदर, ओढणी, आता तर लांब रेनकोट, काहीही स्पोकमध्ये गेलं की माणूस गाडीबरोबर खेचला जातो. डब्याला वाटतं आपण चाक झाकलं, पण डबा वर आणि मागे असतो. पदर अडकतो तो पायाजवळच्या मोकळ्या जागेत. म्हणून आम्ही साडी गार्ड जिथे होता तिथेच ठेवला आणि स्टँड त्याच्या बाहेरून नेला. पाइप थोडा जास्त लागला, रुंदी थोडी वाढली, मधले ३० सेंमी झाले ते त्यामुळेच. पण यात तडजोड नाही. २०२० मध्ये सरकारने दुचाकीवरच्या हलक्या कंटेनरसाठीही माप ठरवून दिलं, लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिमीपर्यंत. कंटेनर मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर मागे माणूस बसवायचा नाही, असंही त्यात आहे.

वजनाचं काय? गाडीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त भार १३० किलो दिला आहे. काका ६८ किलो. काकीचं वजन छापायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, पण समजा ५५. झाले १२३. स्टँड आणि रिकामे डबे मिळून ६ किलो. राहिला किती? एक किलो! म्हणजे दोघं असतील तेव्हा डब्यात चाफ्याच्या पुड्या आणि रेनकोट, बस. काका एकटे असतील तेव्हा एका डब्यात १० किलोपर्यंत, असं आम्ही ठरवलं आणि झाकणाच्या आत रंगाने लिहूनच टाकलं. कारण डबा मोठा असला की माणूस भरत सुटतो, हा आमच्या घरच्या फ्रिजचा अनुभव आहे. मागचे शॉकअप एक खाच कडक केले आणि हवा दोघांसाठी दिलेली भरली.

टेस्टिंगला पाणी वापरलं. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वजनकाटा लागत नाही. प्रत्येक डब्यात पाण्याचा दहा लिटरचा कॅन ठेवून काका आणि मी गावातले सगळे स्पीडब्रेकर आळीपाळीने पालथे घातले. त्याआधी प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारली होती. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनच दिसतं. पन्नास किलोमीटरनंतर दोन रेघा तुटलेल्या दिसल्या, दोन्ही मागच्या हँडलच्या. ते नट पुन्हा कसले, नवी रेघ मारली, त्यानंतर एक पावसाळा गेला, सलग आहेत.

खर्च सगळा धरून २,१५० रुपये. त्यात सगळ्यात महाग वेल्डिंग, मग पाइप. कॅन तर किरकोळ. कुलूप अजून नाही, नुसती कडी आहे. काका म्हणाले, चाफा कोण चोरणार?

स्टँडचं पुठ्ठ्याचं टेम्प्लेट मी जपून ठेवलं आहे. कोणाच्या घरी स्प्लेंडर असेल तर मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये येऊन मागा, छापून घ्या. पल्सरवाल्यांनी मागू नये, तुमच्या गाडीचे पॉइंट वेगळे आहेत. तुम्हाला फूटरेस्टच्या टेस्टपासूनच सुरुवात करावी लागेल.